बाबांनी पाठ दुखते म्हणून सांगितलं

डॉक्टरांनी बाबांच्या पोटावरचा हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"स्ट्रँग्युलेटेड हर्निया," ते इंग्रजीत म्हणाले. "आजच ऑपरेशन व्हायला हवं. बेरशेवाला. आत्ता निघायचं."

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दुखत होतं म्हणून नाही. मी तिथे उभी होते म्हणून.

हर्निया म्हणजे काय ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून आधीच सांगून टाकते. पोटाच्या खालच्या बाजूला, जांघेपाशी, स्नायूंची भिंत काही पुरुषांत कमजोर असते. जड उचललं, जोर लावला की आतडं त्या जागेतून पुढे सरकतं आणि कातडीखाली फुगवटा दिसतो. माणूस आडवा झाला की तो आत जातो. आपल्याकडे याला अंतर्गळ म्हणतात. आत जातो आहे तोवर माणूस हिंडतो, फिरतो, काम करतो. पण एखाद्या दिवशी तो अडकतो आणि आत जात नाही. आतड्याचा तेवढा भाग आवळला जातो, तिथे रक्त पोचत नाही, आणि काही तासांत तो मरायला लागतो. यालाच स्ट्रँग्युलेटेड म्हणतात. फुगवटा दगडासारखा कडक होतो, उलट्या सुरू होतात, आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर माणूस जातो.

बाबांना हा फुगवटा आम्ही इस्राएलला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यापासून होता. त्या दिवसापर्यंत मला ते माहीत नव्हतं. आणि दवाखान्यात तर मी डॉक्टरांच्या प्रत्येक फेरीला असायचे.

आमची वसाहत नेगेव्हच्या वाळवंटाच्या कडेला होती. पत्र्याच्या आणि लाकडी खोल्यांच्या रांगा, मधे मातीचा रस्ता, आणि वारा सुटला की भाकरीतही वाळू. आमच्या रांगेत सगळी आपलीच मराठी ज्यू माणसं होती, कुणी अलिबागकडची, कुणी पेणकडची, पण सगळी मुंबईमार्गे आलेली. पलीकडे मोरोक्कोहून आलेले, त्याच्या पलीकडे रुमानियाचे. दवाखाना म्हणजे एका टोकाच्या दोन खोल्या. डॉक्टर शहरातून यायचे. ते हंगेरीचे, उतारवयाचे, हिब्रू आमच्यासारखीच उशिरा शिकलेले. विद्यार्थी असताना थोडं इंग्रजी शिकले होते, तेवढं त्यांच्याजवळ होतं. आमच्या लोकांजवळ मराठी होती. मधे मी होते, भायखळ्याच्या इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली.

मला कुणी नेमलं नव्हतं. एकदा शेजारच्या दीनामावशी हाताला धरून घेऊन गेल्या, आणि मग ते कायमचंच झालं. मी फारशी बोलत नाही. मोजक्या शब्दांत तिकडचं इकडे करायचं, डोळे खाली ठेवायचे, आणि ऐकलेलं विसरायचं. यासाठी कदाचित मी बरी होते.

दवाखान्यात लोक का येतात, हे मी तिथल्या बाकावर बसून शिकले. आजारी असतात म्हणून येतात, हे अर्धंच खरं आहे.

त्या दिवसांत सगळं रेशनवर होतं. अंडी, दूध, साखर, कोंबडी मोजून मिळे. पण डॉक्टरांनी पेतेक दिलं, म्हणजे चिठ्ठी दिली, की आजाऱ्याला थोडं जास्तीचं मिळायचं. त्यामुळे रेशनच्या आदल्या फेरीला बाक भरून जाई, आणि दीनामावशी सगळ्यांत पुढे.

"सांग त्याला, पायांत गोळे येतात. चक्कर येते. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"मावशी, मागच्या वेळी गुडघा म्हणाला होतात."

"गुडघा पण आहे. तो कुठे जातोय? तू सगळं सांग गं, त्याला हवं ते तो निवडेल."

डॉक्टर त्यांची खालची पापणी ओढून बघत आणि लिहीत. ॲनीमिया, म्हणजे अंगात रक्त कमी. ते खोटं नव्हतं. त्या बाकावरच्या जवळजवळ प्रत्येक बाईची पापणी आतून पांढरी होती. वसाहतीतले पुरुष मात्र त्यांना हसत. "अंडेवाल्या आजारी" हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. मावशी उलट म्हणत, "हसा. अंडं उकडलं की कोण मागतं तेही बघते."

एकदा सगळे गेल्यावर डॉक्टरांनी स्वतःच विषय काढला. "मला कळत नाही असं तुम्हाला वाटतं," ते म्हणाले. "भूक हीसुद्धा तक्रारच आहे. ती घेऊन येतात हे बरंच आहे. मला काळजी वाटते ती न येणाऱ्यांची. तुमच्यातले पुरुष कुठे आहेत?"

पुरुष लिश्कासमोर होते. लिश्का म्हणजे कामं वाटणारी कचेरी. पहाटे तिथे उभं राहायचं. कुणाला कसलं काम आणि किती दिवस, ते तिथे ठरायचं. धडधाकट माणसाला रस्त्याचं काम, शेतजमिनीतले दगड वेचायचं काम. ज्याच्या तब्येतीबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी पोचली त्याच्या नावापुढे 'मुगबाल' असं लागायचं, म्हणजे मर्यादित कामाचा माणूस. त्याला झाडांना पाणी घालणं, आवार झाडणं असली कामं, आणि तीही आठवड्यातून थोडेच दिवस.

चिठ्ठी एकच होती. बायकांच्या हातात पडली की ती घरात अंडी आणायची. पुरुषाच्या हातात पडली की घरातली भाकरी न्यायची.

बाबा माझगावच्या गोदीत फिटर होते. मुंबईतही ते आजारासाठी असे डॉक्टरकडे कधी गेले नाहीत. लांबलेल्या रजेला सर्टिफिकेट लागे, तेवढ्यापुरते जात. पण तिथे निदान एक हिरवा पडदा होता, आणि पडद्यामागे कंपाउंडर होता, बाबांच्याच वयाचा, मराठी बोलणारा, मशेरी लावणारा. पुरुषांना जे सांगायचं ते पडद्यामागे सांगत. बाहेर बसलेल्या बायकांना फक्त बाटली दिसे.

इथे पडदा नव्हता. इथे मी होते.

बाबा दवाखान्यात एकदाच आले, ऑपरेशनच्या साधारण वर्षभर आधी. मला आश्चर्य वाटलं होतं. धुतलेला शर्ट घालून, केसांना पाणी लावून आले आणि बाकाच्या अगदी टोकाला बसले. मावशी म्हणाल्या, "अरे वा, सॅमसनभाऊ! तुम्हाला पण अंडी लागली?" बाबा हसले नाहीत.

आत गेल्यावर डॉक्टरांनी काय होतंय विचारलं. मी मराठीत विचारलं. बाबांनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे.

"पाठ दुखते," ते म्हणाले.

"कुठे?"

"पाठच."

डॉक्टरांनी खाटेवर पडायला सांगितलं. "एवढं काही नाही," बाबा म्हणाले आणि उभे राहिले. डॉक्टरांनी चोळायचं औषध दिलं. ती बाटली घरी आईच्या गुडघ्यांना गेली. बाबांनी ती एकदाही वापरली नाही, हे मी पाहिलं होतं. पण आमच्याकडे बाबांच्या गोष्टी विचारायची पद्धत नव्हती.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. आमच्या दोरीवर नेहमी चादरीच्या आड एक जाड पट्टा वाळत असे. जुन्या डंगरीचं कापड, मधोमध घड्या घालून शिवलेली गादी, दोन्हीकडे बंद. आईच्या हातची शिवण. मला वाटे, पाठीसाठी कमरेला बांधतात. पाठ दुखते असं मीच तर डॉक्टरांना सांगितलं होतं.

ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे तो डॉक्टरांच्या फेरीचा दिवस होता. हे आमचं नशीब. त्याला दुसरं काही म्हणता येत नाही.

बाबा सकाळी दगडांच्या कामावर गेले होते. अजून ऊन वर चढायचं होतं तोच दोन माणसांनी त्यांना धरून घरी आणलं. चेहरा राखेच्या रंगाचा. खाटेवर पडून त्यांनी गुडघे पोटाशी घेतले. उलटी झाली, पुन्हा झाली. "जेवण बाधलं," ते म्हणत होते. "लिंबू द्या. पडतो थोडा. मग जाईन."

मी म्हटलं, डॉक्टर आलेले आहेत, बोलावते.

"नको."

आई पदर तोंडावर धरून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने नजर चुकवली. मग मला हाताला धरून बाहेर, पाण्याच्या पिंपापाशी नेलं.

"एस्तेर, त्यांनी मला शपथ घातलीय."

"कसली?"

"तुला सांगायचं नाही म्हणून." आणि तिने आपल्या साडीच्या निऱ्यांच्या बाजूला हात ठेवला. "अंतर्गळ आहे. आलो त्या पहिल्या हिवाळ्यापासून. रोज आत जायचं. आज जात नाही. मी पण बघितलं ढकलून. जात नाही गं."

तो शब्द मला माहीत नव्हता. पण तिचा हात कुठे होता ते दिसलं. तो पट्टा आठवला.

"शपथ मोडली मी," आई म्हणाली. "काय व्हायचं ते मला होऊ दे."

मी दवाखान्याकडे धावत गेले. बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. डॉक्टर पिशवी घेऊन माझ्याबरोबर निघाले, आणि निघता निघता विचारलं, "पाठ?" मी म्हटलं, नाही. मग मला शब्द सापडेना. इंग्रजीत सापडेना. शाळेत आम्हाला पुष्कळ शब्द शिकवले होते, पण तिथे मुलींना पोटाखालचं शरीर शिकवत नसत. आईने जिथे हात ठेवला होता तिथे, परक्या पुरुषासमोर, भर रस्त्यात, मी हात ठेवला. डॉक्टरांनी चाल वाढवली.

बाकीचं सुरुवातीला सांगितलं आहे.

या देशात आल्यावर मिळालेल्या लोखंडी खाटेसकट बाबांना उचलून रस्त्यापर्यंत नेलं. वसाहतीत गाडी नव्हती. सामान आणणारा ट्रक उभा होता, ड्रायव्हरने मागचे रिकामे खोके खाली टाकले. आई माझ्या धाकट्या दोघा भावंडांपाशी राहिली. मी ट्रकमध्ये चढले, कारण तिथे कुणाशी तरी बोलावं लागणार होतं. दीनामावशींनी स्वतःची शाल वर फेकली. त्या दिवशी त्यांना चिठ्ठी मिळाली नाही, आणि ते त्यांनी पुढेही कधी बोलून दाखवलं नाही.

वाटेत बाबा एकदाच बोलले. "लिश्काला कळवू नका."

बेरशेवाचं इस्पितळ म्हणजे तेव्हा जुन्या बराकी होत्या. सर्जन तरुण होते, इंग्रजी चांगलं बोलत. त्यांनी तपासलं आणि मला विचारलं, "हे किती दिवसांपासून?" मी म्हटलं, आजपासून अडकलं आहे, आहे मात्र काही वर्षांपासून. "काही वर्षं," त्यांनी माझंच वाक्य परत म्हटलं, रागावून नाही. "आणि दगड उचलत होते?"

मी हो म्हटलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक बाक होता. शेजारी एक मोरोक्कन बाई बसली होती, तिच्या मांडीवर गुंडाळलेली पावाची चळत. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. तिने अर्धा पाव माझ्या हातात ठेवला. तो मी खाल्ला नाही, पण धरून बसले.

मी प्रार्थना केली असं म्हणणार नाही. मला सारखं एकच सुचत होतं की बाबा वर्षापूर्वी त्या खोलीत आले होते. केसांना पाणी लावून आले होते. सांगायलाच आले होते. यात माझी चूक होती असं कुणी म्हटलं नाही, आणि मीही म्हणत नाही. पण वाट माझ्यातून जात होती, आणि ज्या माणसाला आत जायचं होतं त्याची मी मुलगी होते.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी काढलेली होती. आतडं काळंनिळं झालं होतं, ते म्हणाले. गरम केलेल्या मिठाच्या पाण्याच्या फडक्यांत गुंडाळून त्यांनी वाट पाहिली. ऑपरेशन करतानाही वाट पाहावी लागते, हे मला नवीन होतं. बऱ्याचशा भागाचा रंग परत आला. एका तुकड्याचा आला नाही. तो कापून दोन्ही टोकं शिवली. याला रिसेक्शन म्हणतात.

"आता आतडं पुन्हा चालायला हवं," ते म्हणाले. "पुढचे दिवस त्याचीच वाट पाहायची."

बाबांच्या नाकातून पोटात एक रबरी नळी घातलेली होती, हाताला सलाइन. पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. ओठांवरून ओला कापूस फिरवायचा, एवढंच काम माझ्याकडे. वॉर्डात दोन्ही बाजूंना पुरुष होते. भेटीच्या वेळेपुरतं आत सोडत, पण भाषेच्या अडचणीमुळे सिस्टर मला जास्त वेळ बसू देत.

आणि इथे तेच पुन्हा झालं.

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं झोपी गेल्यासारखं होतं. ते जागं झालं की नाही, हे कळायची एक साधी खूण असते. पोटातला वारा सरतो. डॉक्टर तेवढंच विचारत असतात. तुमच्यावर वेळ आली तर लाजू नका. ती बातमी इस्पितळात मुलगा झाल्याच्या बातमीसारखी घेतात. पण हे मी आता लिहिते आहे.

सर्जननी सकाळी मला इंग्रजीत तो शब्द सांगून बाबांना विचारायला सांगितलं. मी बाबांकडे वळले. मराठीतला शब्द मला माहीत होता. लहान मुलांना माहीत असतो तो.

"बाबा, डॉक्टर विचारतात, पोट कसं आहे?"

"ठीक आहे."

"ते म्हणतात ठीक आहे," मी सर्जनना सांगितलं.

संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सर्जननी पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, कपाळाला आठी घातली. "'ठीक' हे उत्तर नाही," ते मला म्हणाले. "उद्यापर्यंत काही झालं नाही तर कदाचित परत उघडून बघावं लागेल. त्यांना हे समजतंय ना?"

मी बाबांना हे सांगितलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या ओठांची सालं निघाली होती. नाकातल्या नळीमुळे आवाज घोगरा झाला होता. बायका असल्या की बाबा घसा साफ करायलाही बाहेर जात. माझ्यासमोर त्यांनी कधी बनियनवर जेवण केलं नव्हतं.

पलीकडच्या खाटेवर बगदादकडचा एक म्हातारा होता, मोडलेला पाय वर टांगलेला. महायुद्धाच्या काळात बसऱ्याच्या बंदरात त्याने हिंदी पलटणींचं सामान वाहिलं होतं. तिथली बाजारी हिंदुस्थानी त्याच्या तोंडात राहिली होती, मोडकी पण खणखणीत. दोन दिवस तो आम्हाला बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"ए सेठ!" त्याने अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं. "हवा गया?"

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"लडकी को छोड," म्हातारा म्हणाला. "मेरे को बोल. गया?"

मग बाबांचा घोगरा आवाज, लाजलेल्या पोरासारखा: "कल गया."

"कल गया!" म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले आणि हिब्रूत सिस्टरला हाक मारली. हिब्रूत जे काय ओरडला त्याला सगळा वॉर्ड हसला. रुमानियाचा एकजण टाळ्या वाजवू लागला. सर्जन स्वतः आले. त्यांनी बाबांच्या नाकातली नळी काढायला सांगितली, आणि मग मला हळूच विचारलं, "काल? मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "मी त्यांची मुलगी आहे." ते म्हणाले, "हो. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं."

बाबा एक दिवस पाण्यावाचून जास्त राहिले. पोट पुन्हा उघडायची पाळी आली नाही.

त्यानंतर मी भेटीच्या वेळेलाच जाऊ लागले. बाकीचं म्हातारा बघत होता. काय दुखतं, कुठे दुखतं, जळजळ, टाके, लघवी, सगळ्याची हिब्रू त्याने बाबांना शिकवली, हात लावून, खाणाखुणा करून आणि बहुधा शिव्यांसकट, कारण मी आले की दोघे गप्प होत. घरी जाताना बाबांनी त्याच्या हाताला हात लावून हात ओठांना लावला. मोठ्यांच्या हाताचं चुंबन घ्यायची आपली रीत आहे; तो मान त्यांनी त्या माणसाला दिला.

बाबा वाचले. पण ज्याची त्यांना भीती होती तेही झालं. जड उचलायचं नाही, कधीच नाही, असं सर्जननी लिहून दिलं, आणि लिश्कामध्ये त्यांच्या नावापुढे 'मुगबाल' लागलं. काम आठवड्यातले थोडे दिवस. ज्या हातांनी जहाजांची इंजिनं खोलली ते हात आता रोपांना पाणी घालत. आई रुमानियन कुटुंबांकडे धुणं करू लागली. बाबा संध्याकाळी दारात बसून राहत आणि दगडांच्या कामावरून येणाऱ्या माणसांकडे बघत. त्या दिवसांबद्दल मी जास्त लिहिणार नाही. त्यांची भीती वेडी नव्हती, एवढंच मला म्हणायचं आहे. दवाखान्यात न जाणाऱ्या माणसाला आपण अडाणी म्हणतो. बाबांनी हिशेब बरोबर केला होता. फक्त त्यात स्वतःचा जीव धरला नव्हता.

आजाऱ्याची अंडी आली तेव्हा दीनामावशी दारातूनच म्हणाल्या, "या सॅमसनभाऊ, या. आता तुम्ही आमच्यातले." या वेळी बाबा हसले, टाक्यांवर हात ठेवून.

आईने शपथ मोडली त्या दिवशीच ती प्रेषित एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा, म्हणजे नारळ घातलेल्या गोड पोह्यांचा, नवस बोलली होती. संकटात आपली माणसं हाच नवस बोलतात. पण पोहे कुठले आणि नारळ कुठला? तिने तांदूळ भिजवून, भाजून, पाट्यावर चेचले. मावशींनी मुंबईहून आणलेला, ट्रंकेत जपलेला सुक्या खोबऱ्याचा तुकडा किसला. साखर चार घरांतून आली. गुरुवारी संध्याकाळी पुरुष खोलीत बसले, आम्ही बायका बाहेर चुलीपाशी. प्रार्थना झाली, तबक फिरलं. मग कुणीतरी विचारलं, "सॅमसन, कापतात तेव्हा कळतं का रे?"

आणि बाबा सांगू लागले. भिंत पत्र्याची होती, सगळं ऐकू येत होतं. पट्ट्यापासून सांगितलं. रोज सकाळी आत ढकलायचो ते सांगितलं. हवा गया सांगितलं, तेव्हा आतून हशा उठला, आणि बाहेर आई पदरात तोंड घालून हसत होती आणि रडत होती. हशा संपल्यावर डेव्हिडकाकांचा आवाज आला. आमच्या रांगेतले सगळ्यांत दांडगे, दगडांच्या कामावरचे मुकादम.

"गादी कशी शिवली होती तेवढं बघू दे."

"गादी नाही देणार," बाबा म्हणाले. "माझ्याबरोबर चल."

"आणि ती चिठ्ठी? मुगबाल?"

"होईल," बाबा म्हणाले. "खोटं कशाला सांगू? वेळेत गेलास तर सर्जन म्हणतो तुकडा काढावा लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी परत काम करता येतं. मी गेलो नाही म्हणून मला नाही येत."

हे वाचणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात कुणी एकाएकी जपून वाकू लागलं, दोरीवर चादरीआड काही वाळू लागलं, तर काय दुखतं असं नुसतं विचारू नका. हे तू कुणाला सांगू शकशील, असं विचारा. मग त्या माणसाला शोधून आणा. तो माणूस तुम्ही नसाल. वाईट वाटून घेऊ नका. आणि आमच्या डॉक्टरांची, त्या सर्जनची आणि टांगलेल्या पायाच्या त्या म्हाताऱ्याची मी ऋणी आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचणार नसलं तरी इथे लिहून ठेवते.

पुढच्या फेरीला मी नेहमीप्रमाणे दवाखान्यात होते. बाबा आले. मागे डेव्हिडकाका, मान खाली, केसांना पाणी लावलेलं. मी सवयीने उठून त्यांच्याबरोबर आत निघाले.

बाबांनी दारात हात आडवा धरला.

"एस्तेर, तू बाहेर थांब."

दार लागलं. मी बाकावर दीनामावशींच्या शेजारी बसले. आतून डॉक्टरांचा प्रश्न ऐकू आला, आणि मग बाबांचा आवाज, त्या म्हाताऱ्याच्या वळणाच्या हिब्रूत, एकेक शब्द ठेवत: "पो कोएव." इथे दुखतं. मग खाट करकरली.

डॉक्टरांनी दार किलकिलं केलं. "मिस, एक शब्द हवा होता—"

"नको, नको," आतून बाबा म्हणाले. "मी सांगतो त्यांना."

दार पुन्हा लागलं.

"काय गं," मावशींनी मला कोपरखळी मारली, "हाकलली का तुला?"

"हो," मी म्हटलं.